मुकुट, लाल गालिचा आणि आपली खरेदी

चाफेकळी:
सौंदर्यस्पर्धांवर चर्चेचा धागा निघाला की दोनच तट पडतात. एकाला त्यात बाईचा अपमान दिसतो, दुसऱ्याला देशाचा मान. मला तिसराच मुद्दा काढायचाय. हा सगळा मामला मुळात कपडे खपवण्याचा आहे, आणि एकदा तसं पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

मिस अमेरिका १९२१ साली अटलांटिक सिटीत सुरू झाली ती सुट्ट्यांचा मोसम संपल्यावरही पर्यटक समुद्रकिनारी थांबावेत म्हणून. म्हणजे धंदेवाल्यांची युक्ती. पुढे पोहण्याचे कपडे बनवणारी कॅटालिना कंपनी तिच्या प्रायोजकांत आली. १९५१ ची मिस अमेरिका होती योलांड बेटबीझ. ऑपेरा गाणारी मुलगी. किताब मिळाल्यावर तिने ठणकावून सांगितलं की आता मी स्विमसूट घालून गावोगाव मिरवणार नाही. आयोजक तिच्या बाजूने राहिले. कॅटालिनाने पाठिंबा काढून घेतला आणि रागारागाने स्वतःच्याच दोन स्पर्धा काढल्या, मिस यूएसए आणि मिस युनिव्हर्स! १९५२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचला पहिली मिस युनिव्हर्स झाली, फिनलंडची आर्मी कुसेला जिंकली. आपण ज्या मुकुटासाठी रात्र जागवतो तो एका रुसलेल्या स्विमसूट कंपनीच्या पोटचा आहे.

मिस वर्ल्डही काही वेगळी नाही. १९५१, लंडन. 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन'च्या निमित्ताने एरिक मॉर्ली यांनी काढलेला करमणुकीचा कार्यक्रम. नुकत्याच आलेल्या बिकिनीची त्यात जाहिरात झाली, स्वीडनच्या किकी हाकन्सनला बिकिनीतच मुकुट घातला गेला आणि मग एकच ओरड झाली.

रेड कार्पेटचं गणितही हेच. १९४४ च्या ऑस्करला जेनिफर जोन्स हॅरी विन्स्टन यांनी वापरायला दिलेले हिरे घालून आली आणि जवाहिऱ्यांनी उसने दागिने देण्याची चाल तिथून रुळली. आज नटीच्या अंगावरचं बरंचसं सामान दुसऱ्या दिवशी परत जातं. ती मिरवते, फोटो जगभर फिरतो, आणि आपण तसाच गाऊन शोधायला बसतो.

तर प्रश्न दोन. जिंकणारीच्या अंगावरचा कपडा आपल्याला इतका हवासा का वाटतो? आणि तसाच विकत आणला तर आपल्या अंगावर तो तसा का दिसत नाही? अनुभवी मंडळींनी लिहा. फक्त "आपलं सौंदर्य मनाचं असतं" छाप प्रतिसाद नकोत, ते प्रत्येक धाग्यावर येऊन गेलेत.

टिवल्याबावल्या:
आपलं सौंदर्य मनाचं असतं.

(पळालो.)

खडूस:
मुद्दा रंजक, पण पटला नाही. कंपनीने पैसे घातले म्हणून जिंकणारीचं कर्तृत्व उणं होत नाही. सुष्मिता सेनचं उदाहरण घ्या. १९९४ च्या मिस इंडियाच्या अंतिम फेरीचा गाऊन कुठल्या मोठ्या डिझायनरचा नव्हता. बाजारातून आणलेलं कापड, परकर शिवणारा शिंपी, उरलेल्या तुकड्यातून आईने केलेलं गुलाबाचं फूल, आणि हातमोजे म्हणून चक्क नवे पायमोजे कापून त्याला इलॅस्टिक लावलेलं. हे तिनेच टीव्हीवर सांगितलंय. तेवढ्यावर ती जिंकली आणि त्याच वर्षी मनिलात मिस युनिव्हर्स झाली. कोणी काय खपवलं इथे?

निमित्तमात्र:
त्याच्याही आधी रीता फारिया. १९६६, लंडन, मिस वर्ल्ड जिंकणारी पहिली आशियाई. मेडिकलची विद्यार्थिनी, साडी मागून नेलेली, स्विमसूट मॉडेल पर्सिस खंबाटाचा. वर्षभर किताबाची कामं केली आणि बाई सरळ डॉक्टर झाल्या. सिनेमा नाही, परफ्यूमची जाहिरात नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

चाफेकळी:
खडूस, तुम्ही माझ्याच पारड्यात वजन टाकताय. परकरवाल्या शिंप्याचा गाऊन जिंकला याचाच अर्थ असा की डिझायनरच्या नावाने काही होत नाही, कपडा अंगाबरोबर बसला की झालं. पण १९९४ च्या दोन मुकुटांनंतर (सुष्मिता आणि ऐश्वर्या, एकाच वर्षी) बाजार कसा उघडला ते आठवा. शाम्पू, क्रीम, लिपस्टिक, घड्याळं. मग १९९७ डायना हेडन, १९९९ युक्ता मुखी, २००० मध्ये लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा. तेव्हा प्रसाधनांच्या कंपन्यांना इकडे नवं गिऱ्हाईक दिसत होतं, आणि मुकुटवाल्या चेहऱ्यांइतकी हुकमी जाहिरात दुसरी कुठली? परीक्षकांनी ठरवून मुकुट दिले असं मी म्हणत नाहीये, उगाच ओढू नका.

अबोली२:
अपमानाच्या तटातली मी. पण चाफेकळींचं म्हणणं मला मानवतंय, कारण विरोध करणाऱ्यांचाही राग माल मांडल्यासारख्या त्या रांगेवर होता. १९७० मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बॉब होप मिस वर्ल्डचं सूत्रसंचालन करत असताना बायकांनी खुळखुळे वाजवत पिठाच्या पुड्या फेकल्या होत्या, होपसाहेब मंचावरून पळाले. गंमत म्हणजे त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टन जिंकली, मिस वर्ल्ड होणारी पहिली कृष्णवर्णी स्त्री. एकाच सभागृहात एकीला ती अवहेलना वाटली आणि दुसरीला बंद दार उघडल्यासारखं झालं. दोघी खऱ्या.

बाकी कपड्यांचे नियम कसे सरकले तेही बघण्यासारखं आहे. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड झाली तेव्हा एवढा विरोध झाला की स्विमसूटची फेरी सेशेल्सला हलवावी लागली. मिस वर्ल्डने ती फेरी २०१४ मध्ये बंद करायचं जाहीर केलं, मिस अमेरिकेने २०१८ मध्ये. मिस युनिव्हर्सचे मालक बदलले, १९९६ मध्ये ट्रम्प, २०१५ मध्ये डब्ल्यूएमई-आयएमजी ही कंपनी, २०२२ मध्ये थायलंडची जेकेएन कंपनी. २०१८ मध्ये स्पेनची अँजेला पोन्से ही पहिली ट्रान्स स्पर्धक आली, २०२३ पासून विवाहित आणि मुलंबाळं असलेल्या बायकाही चालू लागल्या, २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही गेली. स्विमसूटची फेरी मात्र जागच्या जागी. जन्माची खूण अशी पुसली जात नाही.

टिवल्याबावल्या:
२०१५ ची मिस युनिव्हर्स विसरलात? सूत्रसंचालक स्टीव्ह हार्वीने कोलंबियाच्या मुलीला विजेती म्हटलं, मुकुट घातला, तिने हात हलवून झाले, आणि मग "माफ करा, फिलिपिन्स". मुकुट उतरवून पिया वुर्ट्झबाखला. दुकानात बिल झाल्यावर पिशवी काढून घेण्याचा एवढा जाहीर प्रकार दुसरा नसेल.

सुईदोरा:
बरीच वर्षं मापाचे गाऊन आणि समारंभाचे कपडे शिवतेय, म्हणून चाफेकळींच्या दुसऱ्या प्रश्नाला हात घालते. लांबलचक होणार, चहा घेऊन बसा.

विकतचा गाऊन आपल्या अंगावर तसा दिसत नाही याचं पहिलं कारण, तिच्या अंगावर तो शेवटच्या घटकेपर्यंत शिवला जात असतो. आपण बाहेरची चमक बघतो, खरी करामत आत असते. बिनपट्ट्यांचा गाऊन घ्या. लोकांना वाटतं तो छातीवर अडकून राहतो. छे. तो कमरेवर उभा असतो. चांगल्या गाऊनच्या आत, अस्तराला कमरेच्या रेषेवर एक जाड विणलेली पट्टी टाचलेली असते. तिचं हुक आधी लावायचं, घट्ट, मग वरची चेन ओढायची. घागऱ्याचा सगळा भार ती पट्टी घेते, वरच्या भागावर ओढ येत नाही. शिवाय छातीखालून कमरेपर्यंत शिवणींच्या आत पोलादाच्या किंवा प्लास्टिकच्या काड्या घातलेल्या असतात, त्यांनी वरचा भाग उभाच्या उभा राहतो. रेडीमेडमध्ये ही पट्टी बहुतेक वेळा नसते. त्याऐवजी वरच्या काठाला आतून सिलिकॉनची चिकट फीत लावलेली असते. घाम आला की ती घसरते, आणि मग अख्खी संध्याकाळ बाई गाऊन वर ओढत असते.

दुसरं कारण, फोटो. दुकानातल्या पुतळ्यामागे जाऊन बघा कधी. पाठीला टाचण्या नाहीतर चिमटे लावून कापड आवळलेलं असतं. मॉडेलच्या फोटोतही तेच, समोरून घेतलेला असतो म्हणून कळत नाही. म्हणूनच ज्या कपड्याचा पाठीकडून फोटो दिलेला नाही तो मी कुणाला घ्यायला सांगत नाही.

तिसरं, रेड कार्पेटचा कपडा बसण्यासाठी शिवलेलाच नसतो. उभं राहायचं, वळायचं, चार पायऱ्या चढायच्या, संपलं. न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्याला तर काही जणी उंच गाडीतून उभ्याने येतात, बसलं तर चुरगळेल म्हणून. २०२२ मध्ये किम कार्डाशियनने मेरिलिन मन्रोचा १९६२ चा तो अंगावरच शिवलेला ड्रेस घातला, आठवतंय? मागून तो मिटलाच नाही. वरून पांढरी फर पांघरून ती फट झाकली, पायऱ्या चढून झाल्यावर उतरवला आणि आत जाऊन हुबेहूब नक्कल घातली. एवढा ताफा हाताशी असूनही दुसऱ्याच्या मापाचा कपडा आपल्याला होत नाही तो नाहीच. (माझ्यासारख्यांच्या जिवाला तर जुन्या रेशमावर तो ताण बघून घोर लागला होता.)

आणि उरेब! अंगावरून पाण्यासारखे वाहणारे जे साटिनचे गाऊन दिसतात ते उरेब कापलेले असतात, म्हणजे ताण्याबाण्याला तिरपे. असं कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, कुठे जास्त, कुठे कमी. म्हणून शिवल्यावर तो टांगून ठेवायचा, पुरेसा उतरू द्यायचा, मग खालची घडी सरळ कापून दुमडायची. कारखान्यात एवढा दम कोण धरतो? तिथे कापड तिरपं कापलं की जास्त लागतं, तेही परवडत नाही. म्हणून रेडीमेडमध्ये तेच डिझाइन सरळ कापून त्यात ताणणारा धागा घालतात. फोटोत सारखं. अंगावर अजिबात नाही.

खडूस:
सुईदोरा, दंडवत. कमरेची पट्टी हे प्रकरण आजच कळलं. माझा आक्षेप अर्धा मागे घेतो.

चाफेकळी:
अर्धाच?

खडूस:
उरलेला अर्धा हर्नाझ संधूसाठी राखून ठेवलाय. २०२१ ला इस्राएलमधल्या इलातला मिस युनिव्हर्स जिंकली तेव्हाचा गाऊन सायशा शिंदेचा, आणि मुकुटाइतकंच लोक त्या ट्रान्स डिझायनरबद्दल बोलले. २०१८ ची विजेती, फिलिपिन्सची कॅट्रिओना ग्रे तर मायॉन ज्वालामुखीच्या लाव्हासारखा लाल गाऊन घालून आली. माक तुमांग या तिच्याच देशातल्या डिझायनरचा. तो लोकांच्या डोक्यात बसलाय. हे निव्वळ खपवणं नाही, कारागिराला मिळालेला मंच आहे.

निमित्तमात्र:
कारागिराला मंच, आणि नकलाकाराला गिऱ्हाईक. अमेरिकेत अ‍ॅलन श्वार्ट्झ नावाच्या गृहस्थांनी ऑस्करच्या गाऊनच्या नकला काढण्यावर अख्खं नाव कमावलं. तिथल्या कॉपीराइट कायद्यात कपड्याचा काट, म्हणजे तो कसा बेतलाय ते, बसत नाही, कारण कपडा ही वापराची वस्तू. छापील नक्षीला संरक्षण मिळतं, काटाला नाही. त्यामुळे "अमुकने घातलेला तसाच" म्हणून जे विकलं जातं त्याला तिथला कायदा सहसा आडवा येत नाही. फक्त ब्रँडचं नाव नाहीतर खूण लावली की मामला बनावट मालाचा होतो.

आणि एका फोटोची ताकद बघायची तर जेनिफर लोपेझचा वर्साचेचा हिरवा ड्रेस, ग्रॅमी, २०००. इतक्या लोकांनी तो शोधला की नुसते निळे दुवे पुरेनात, आणि गूगलला चित्रांचा शोध काढायची निकड त्यातून जाणवली. हे गूगलचे एकेकाळचे प्रमुख एरिक श्मिट यांनीच लिहिलंय. २००१ मध्ये ती सोय आली. आज आपण कपड्याचा फोटो टाकून "असाच दाखव" म्हणतो, त्याच्या मुळाशी तो बेंबीच्या खाली जाणारा गळा आहे.

टिवल्याबावल्या:
खरेदी आणि रेड कार्पेटचं खरं लग्न १९९५ ला लागलं. लिझी गार्डिनर, वेशभूषेचं ऑस्कर घ्यायला आली ती २५४ अमेरिकन एक्सप्रेस गोल्ड कार्डांचा ड्रेस घालून. मुदत संपलेली कार्डं. यावर बोलायला काही उरतच नाही.

अबोली२:
मापाचा विषय निघालाच आहे तर, डिझायनरकडे उसने द्यायचे नमुने एकाच बारीक मापात असतात. २०१६ मध्ये लेस्ली जोन्सने उघड सांगितलं की सिनेमाच्या प्रीमियरसाठी तिला कपडे द्यायला कुणी तयार नाही. ख्रिश्चन सिरियानोने पुढे होऊन लाल गाऊन शिवला. एवढ्या नावाजलेल्या नटीची ही कथा. तेव्हा दुकानात एखादा कपडा झाला नाही म्हणून आरशासमोर हिरमुसणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. माप चुकलेलं असतं ते कपड्याचं.

वेंधळी:
किती छान चाललाय धागा! मी बाजारात गिऱ्हाईक म्हणून नापास, म्हणून सरळ विचारते. ऑफिसच्या पुरस्कार सोहळ्यासाठी टिकल्यांचा लांब गाऊन ऑनलाइन बघून ठेवलाय. फोटोत अप्रतिम आहे. वर्णनात "सिल्क साटिन फील, प्रीमियम सिक्विन वर्क" लिहिलंय. घेऊ का? सुईदोराताई, काय बघायचं असतं?

सुईदोरा:
वेंधळी, "फील" दिसलं की समजायचं पॉलिएस्टर. साटिन ही वीण आहे, रेशमातही होते आणि पॉलिएस्टरमध्येही. आतल्या चिठ्ठीवर धाग्याची टक्केवारी असते, तेवढीच खरी. पॉलिएस्टर वाईट असं नाही, चुरगळत नाही बिचारं, पण गरम दिव्यांखाली तासभर बसायचं असेल तर अस्तर तरी सुती किंवा व्हिस्कोसचं आहे का बघ.

टिकल्यांचं सांगते. हातात आला की आधी उलटा कर. आतल्या बाजूला धागा बघ. टिकल्या मशीनवर साखळी टाक्याने लावलेल्या असतील तर एक टोक सुटलं की रांगच्या रांग उसवत जाते, म्हणून लोंबणारा दोरा दिसला तर ओढायचा नाही, आतून गाठ मारायची. काही ठिकाणी टिकल्या नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या असतात. कोपऱ्यातल्या एकीला नखाने हलकंच उचलून बघ, कळतं. मग शिवणींपाशी जा. चांगल्या कामात शिवणीच्या रेषेवरच्या टिकल्या काढून मग शिवतात आणि वरून हाताने पुन्हा भरतात. घाईच्या कामात टिकल्यांवरूनच मशीन चालवलेलं असतं, तिथे टोकं मोडून काट्यासारखी वर येतात. आणि मुंढा, मुंढा विसरू नकोस! काखेत टिकल्या आल्या असतील आणि आत अस्तर तिथपर्यंत नसेल तर पाच मिनिटं हात हलवलेस की दंडाच्या आतल्या बाजूला ओरखडे.

शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडलीय तेही बघ. बोटभर माया असली तर कुठलाही शिंपी थोडा ढिला करून देईल. ओव्हरलॉकच्या (दोरे सुटू नयेत म्हणून मशीनने बांधलेल्या) काठाला टेकून शिवलेलं असेल तर ढिला करायला जागाच नाही. म्हणून दोन मापांत अडकलीस तर मोठं घे. घट्ट करणं सोपं, सैल करणं अवघड.

दुकानाची चिठ्ठी न काढता घरी घालून बघ. ज्या चपला घालणार त्याच घालून. दोन्ही हात वर कर, खुर्चीत बस, जिना चढ. आणि खिडकीपाशी उजेडात एकदा, मोबाइलच्या फ्लॅशमध्ये एकदा फोटो काढ. पातळ कापड साध्या उजेडात दाट दिसतं आणि फ्लॅशमध्ये आरपार, नामवंत नट्यांची फजिती याच पायी झालेली आहे. परत घेण्याची मुदत आणि अटी आधीच वाच, समारंभाच्या कपड्यांना कधीकधी परतीची सवलत नसते.

वेंधळी:
बाई गं, मी फक्त रंग आणि भाव बघणार होते. मागवते आणि आधी उलटा करते. पण एकदाच घालायला एवढा खर्च जीवावर येतोय.

चाफेकळी:
एकदाच का? रिटा मोरेनोने १९६२ ला ऑस्कर जिंकताना घातलेला गाऊन २०१८ ला पुन्हा घातला. जपानी ओबीच्या कापडाचा, मनिलात शिवलेला, फक्त गळा बदलून घेतला. जेन फोंडाने २०१४ चा एली साबचा गाऊन २०२० च्या ऑस्करला घातला. आलिया भट २०२३ ला राष्ट्रीय पुरस्कार घ्यायला लग्नातलीच साडी नेसून गेली. टिफनी हॅडिशने तर मॅक्वीनचा पांढरा गाऊन इतक्या कार्यक्रमांना घातला की तो तिची ओळख झाला. भाड्यानेही मिळतात गाऊन, पण तिथे मापाचं दुखणं तेच, आणि सुईदोरांची उलटा करून बघण्याची परीक्षा दुप्पट लागू.

खडूस:
यात तुमचा खपवण्याचा सिद्धांत कुठे बसतो? जुना कपडा घालून काय खपतं?

चाफेकळी:
तोही फोटो, तीही बातमी, त्याच डिझायनरचं नाव पुन्हा छापून येतं. पण निदान आपल्याला नवं काही घ्यायला लावत नाहीत. एवढं मान्य करते.

वेंधळी:
शेवटचा प्रश्न, मग मी वाचनमात्र. घालून झाल्यावर टिकल्यांचा गाऊन हँगरला लावायचा ना?

सुईदोरा:
मुळीच नाही. वजनाने खांदे उतरतात आणि जाळी लांबते. आधी सावलीत पसरून घाम वाळू दे. मग उलटा करून, मध्ये जुनं सुती कापड घालून सैल घडी. टिकल्या आत आल्या की एकमेकींत अडकत नाहीत. इस्त्री टिकल्यांवर फिरवायची नाही, वितळून आकसतात. आणि अत्तर कपडा घालायच्या आधी, अंगावर. टिकल्यांवर उडालं तर त्यांचा रंग उडू शकतो, आणि तो परत आणता येत नाही.